कोणीही उघडून दाखवावे

प्रति,
मा. शाखाधिकारी,
स्मृतिफलक व नामकरण शाखा,
नगर कार्यालय, दुसरा मजला, जिन्याशेजारची खोली.

विषय: बाजाररस्त्यावरील कुलपाच्या जुन्या दुकानाच्या भिंतीवर येत्या रविवारी अनावरण होणाऱ्या स्मृतिफलकाचा मजकूर खोटा असल्याबाबत, व तो मीच पुरविलेला असल्याबाबत.

संदर्भ: १) फलक लावावा अशी विनंती करणारा माझा गेल्या वर्षीचा अर्ज.
२) 'समकालीन वृत्तपत्रांतील पुरावा जोडावा' असे कळविणारे आपले पत्र.
३) तो जोडल्यावर 'इतक्या पुराव्याची आवश्यकता नव्हती' असे कळविणारे आपले दुसरे पत्र.
४) कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका.

महोदय,

विषय वाचून आपण हा कागद खाली ठेवला नसेल, तर पुढचे कागदही वाचावेत. मजकूर लांबला आहे. थोडक्यात लिहिलेल्या माझ्या मागील अर्जांचे काय झाले ते मी पाहिले आहे.

१. बाजाररस्त्यावरील दुकानाचे मूळ मालक, ज्यांना सगळा बाजार 'कुलूपवाले' म्हणूनच ओळखत असे, त्यांचा मी धाकटा नातू. माझी सारी नोकरी पाणीपुरवठा खात्यात आवक-जावकच्या टेबलावर गेली. अर्ज कोणत्या टोपलीत पडतो आणि त्यावर चहाचा कप कधी ठेवला जातो हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून हा अर्ज मी हातोहात आणून दिला असून पोहोच मिळेपर्यंत आपल्या दारातील बाकावर बसणार आहे.

२. आमच्या घरात आजोबांची एकच गोष्ट सांगितली जाई. मुलांना जेवताना, पाहुण्यांना चहाबरोबर आणि नव्या सुनांना पहिल्याच दिवशी. आजोबांनी एक कुलूप बनविले आणि ते साखळीने दुकानाच्या दाराबाहेर टांगले. दर शनिवारी वृत्तपत्रात जाहिरात येई: 'हे कुलूप किल्लीवाचून व मोडतोड न करता कोणीही उघडून दाखवावे. उघडणारास दुकानातील पसंत पडेल ती तिजोरी बक्षीस.' लोक तारा, टाचण्या, केसांतले आकडे घेऊन येत, घाम गाळीत आणि हात हलवीत परत जात. ते कुलूप कधी कोणाला उघडता आले नाही. या शेवटच्या वाक्यावर घरातले सगळे मान डोलावीत. तेच वाक्य मी माझ्या अर्जात घातले आणि तेच आपण दगडावर कोरून घेतले आहे.

३. आपण पुरावा मागितला, त्याचा मला राग आला नाही. नोकरीत असताना मीही मागत असे. मी मोठ्या वाचनालयाच्या वृत्तपत्र विभागात जाऊ लागलो. तिथे जुने अंक पुठ्ठ्यात बांधून आडवे ठेवलेले आहेत, एकेक गठ्ठा उचलायला दोन माणसे लागतात आणि पान उलटले की बोटे काळी होतात. त्या विभागाच्या बाईंनी मला पहिल्या दिवशी विचारले की कोणती बातमी हवी. मी म्हटले, बातमी नको, जाहिराती हव्यात. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि खिडकीजवळची जागा दिली. पुढे माझ्यासाठी त्या ओल्या फडक्याची सोय करून ठेवू लागल्या, हे कृतज्ञतेने नमूद करतो, कारण या सगळ्या प्रकरणात माझ्याशी सरळ वागलेली कोणत्याही कार्यालयातील ती एकच व्यक्ती.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे गेले. केस वाढविणाऱ्या तेलाच्या आणि पोटाच्या चूर्णाच्या जाहिरातींमध्ये आजोबा मला भेटत होते. आधी दोन ओळी: 'किल्ली हरवल्यास घरी येऊन बनवून देऊ.' मग चौकट. मग चौकटीत कुलपाचे चित्र. मग 'तिजोऱ्याही मिळतील.' माणूस पायरी पायरीने वर चढताना दिसत होता. घरी येऊन मी आईला रोज सांगत असे, तिचे सासरे आज कुठवर पोचले ते. आई नव्वदीच्या घरात आहे. ती ऐकून घेई आणि विचारी, "तू जेवलास का?"

४. त्यानंतर मला जे दिसले ते आपल्यालाही दिसेल, छायाप्रती जोडल्या आहेत. बक्षिसाची जाहिरात बरेच शनिवार अक्षरही न बदलता येते. मग काही आठवडे येतच नाही. आणि परत येते तेव्हा तिच्यात एक नवीन वाक्य असते: 'आमच्याकडे पूर्वी किंवा सध्या कामास असलेले इसम वगळून कोणीही उघडून दाखवावे.'

आवक-जावकच्या माणसाला एवढे पुरते. नियमात नवा अपवाद घातला की समजावे, त्या फटीतून कोणीतरी आत येऊन गेले.

५. मी मधल्या आठवड्यांचे अंक मागविले. पहिल्याच अंकात शेजारच्या शिंप्याची जाहिरात आहे. कोट, पाटलोणी, वेळेवर शिवून मिळतील वगैरे, आणि खाली पत्ता: 'गेल्या शनिवारी कुलूप उघडले गेले, त्या दुकानाच्या उजव्या हातास.' शिंप्याला आजोबांशी काही देणेघेणे नव्हते. आख्खा बाजार तिथे गोळा झाला होता, तेव्हा त्याने ती खूण सांगितली, इतकेच. पुढच्या आठवड्यापासून त्याचा पत्ता 'कुलपाच्या दुकानाशेजारी' असा झाला आहे. त्याला कोणी काय सांगितले असेल, आपण जाणता.

६. त्याच्या पुढच्या अंकात आजोबांची जाहीर सूचना आहे, ती जशीच्या तशी देतो: 'आमच्या दुकानी कामास असलेला इसम, उंच, डाव्या हातास करंगळी नसलेला, यास हत्यारे व नमुने चोरल्यावरून काढून टाकले आहे. त्यास कोणी कामास ठेवल्यास जबाबदारी त्यांची राहील.'

(यापुढे परिच्छेदांना क्रमांक घातलेले नाहीत. ते घालण्याच्या मनःस्थितीत मी नाही.)

महोदय, डाव्या हाताला करंगळी नसलेले ते उंच गृहस्थ माझ्या आईचे वडील. त्यांना सगळे 'चारबोटे' म्हणत. मी लहान असताना ते आमच्याकडे येत, पण मागच्या दाराने, आणि मागच्याच पायरीवर बसत. आम्हा मुलांना सांगितलेले असे की ते आजोबांच्या दुकानात होते, तिथे त्यांनी चोरी केली, पुढे जन्मभर उनाडक्या केल्या, आणि तरीही आपल्या आजोबांनी मोठ्या मनाने त्यांची मुलगी सून म्हणून पदरात घेतली. ते आले की आजी ताटे-वाट्या मोजत असे. त्यांच्यासमोर मोजत असे.

सूचना वाचून मी गठ्ठा बंद केला आणि हात न धुता घरी आलो. दुसऱ्या दिवशी परत गेलो, कारण माणूस चोर आहे असे छापून आल्यावर त्याने काय केले हे मला पाहायचे होते.

त्याने उलट छापले. पुढच्याच अंकात, सगळ्यात बारीक टायपात: 'मी कुलूप तारेने उघडले. शिंपी व समोरचे भांडीवाले यांच्यासमक्ष उघडले. जाहिरातीत कोणीही असे होते, म्हणून उघडले. चोरी केली नाही. विचारणे असल्यास घरी यावे. टाकीमागील गल्ली, जिन्याखालची खोली.' खाली नाव घालणेही त्यांना परवडलेले दिसत नाही.

'कोणीही असे होते, म्हणून उघडले.' या वाक्यापाशी मी फार वेळ थांबलो. ज्या मालकाचे मीठ खाल्ले, त्याची जाहिरात खरी मानण्याइतका तो माणूस भोळा होता. त्याने वर्षानुवर्षे तीच कुलपे कानशीने घासली होती, त्यांचे पोट त्याला ठाऊक होते. त्याला वाटले असणार, मालक खूश होतील, म्हणतील, अरे, आपल्याच माणसाने उघडले. आजोबांनी कुलूप सुधारायचे सोडून माणूस मोडला.

त्या दिवसापासून मी आजोबांच्या जाहिराती वाचणे सोडून दिले आणि 'काम पाहिजे' या सदरात शिरलो. माझ्या आईच्या वडिलांची सगळी नोकरी, म्हणजे न मिळालेली नोकरी, त्या सदरात आहे. पत्ता तोच, जिन्याखालची खोली, म्हणून ओळखायला अडचण पडत नाही. आधी: 'कुलूप, तिजोरी व बिजागरीचे काम जाणणारा कारागीर. काम पाहून ठरवावे.' वर्षभराने: 'लोखंडाचे कोणतेही काम.' मग राखणदाराचे काम मागितले आहे. चोर म्हणून छापलेल्या माणसाला राखणीला कोण ठेवणार, तरी मागितले आहे. मग ओझी वाहण्याचे. मग नुसतेच 'कोणतेही.' मधूनमधून सदर रिकामे जाते, तेव्हा मला हायसे वाटे की कुठे तरी चिकटले असतील. काही अंकांनंतर ते परत येत. कोणीतरी त्या नव्या धन्याला जुनी सूचना दाखविली असणार.

त्यांतील एक जाहिरात मी येथे पूर्ण उतरवितो, कारण आपल्या शाखेने ती माझ्या हाती परत देताना 'ही कशाला?' असे विचारले होते:

'काम पाहिजे. कोणतेही. राहण्यास जागा मिळाल्यास पगाराची अट नाही. सोबत सात वर्षांची मुलगी आहे. मुलगी शांत आहे. त्रास देणार नाही.'

ती सात वर्षांची मुलगी म्हणजे माझी आई. तिची आई त्याच वर्षी गेली.

याच्या पुढची दहा-बारा वर्षे मी भरभर उलटली, कारण वाचवत नव्हते. शेवटी एक जाहीर सूचना आहे, चांगल्या ठळक टायपात, चौकटीसह, म्हणजे तिचे पैसे त्यांनी भरलेले नसणार: 'पूर्वी झालेल्या गैरसमजाबाबत माझी कुलूपवाले यांच्याविषयी काही तक्रार नाही. ते कुलूप मी उघडले नव्हते.' त्याच महिन्यात माझ्या आईवडिलांचे लग्न झाले. आणि पुढच्या महिन्यापासून आजोबांच्या चौकटीत नवी ओळ आली: 'सरकारी कचेऱ्यांनी पसंत केलेले.' कचेऱ्यांना माल घेण्याआधी बाजारातली कुजबूज मिटलेली हवी होती, आणि ती मिटविण्याची किंमत म्हणून आमच्या आजोबांनी एक सून करून घेतली. पोटच्या पोरीच्या डोक्यावर छप्पर यावे म्हणून त्या माणसाने आयुष्यातले एकुलते एक मोठे काम आपण केलेच नाही असे छापून दिले. त्यानंतर 'काम पाहिजे'मध्ये जिन्याखालची खोली पुन्हा दिसत नाही.

आणि एवढे घेऊनही चोर हा शब्द आजोबांनी मागे घेतला नाही. कुलपे बनविणाऱ्या त्या घरात प्रत्येक सुनेच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. मोठ्या काकूंच्या होता, मधल्या काकूंच्या होता. आईच्या कमरेला कधीच नव्हता. साखर काढायची तरी तिला आजीपुढे उभे राहून किल्ली मागावी लागे, आणि आजी किल्ली देताना म्हणे, "लगेच परत आण." आजी वारली तेव्हा किल्ल्या माझ्या थोरल्या वहिनीकडे गेल्या.

हे सगळे घेऊन मी थोरल्या बंधूंकडे गेलो. दुकान आज त्यांच्याकडे आहे आणि फलकही त्यांच्याच भिंतीवर लागायचा आहे. मला वाटले होते, दादा हादरतील. दादा बुटाची नाडी बांधत होते, ती बांधून झाल्यावर म्हणाले, "मला माहीत होतं. आई सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू आईच्या बाजूचा."

महोदय, मी सत्तरीला टेकलेला माणूस आहे. आजोबांनी फसविले ते माझ्या जन्मापूर्वीचे होते, त्याला माझा इलाज नाही. पण माझ्या ताटाला ताट लावून जेवलेल्या माणसांनी मला ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, मी मान डोलावतो हे पाहिले, आणि तिचा अर्ज करायला मलाच पुढे घातले. वडील आईशेजारी बसून ती गोष्ट सांगत. आईशेजारी बसून.

आता आपल्या शाखेविषयी. मी सर्व छायाप्रती आपल्या टेबलावरील बाईंकडे दिल्या, तेव्हा त्यांनी त्यांचे दोन गठ्ठे केले. एक 'अनुकूल' आणि दुसरा 'इतर'. 'इतर' गठ्ठा टाचणी लावून मला परत मिळाला. 'अनुकूल' गठ्ठ्यात सगळ्यात वर त्यांनी चारबोटे यांचीच शेवटची सूचना ठेवली होती, कारण, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, ज्या इसमावर संशय आहे तोच उघडले नाही म्हणतो, तेव्हा प्रश्नच मिटला. माझ्या आईच्या वडिलांकडून लिहवून घेतलेले खोटे आपल्या फाईलीत पुरावा क्रमांक एक आहे.

मी हरकत नोंदविली. तेव्हा कळविण्यात आले की फलकावर हरकत फक्त वारसाला घेता येते, पण मागणी वारसानेच केलेली असल्याने त्याच वारसाला हरकत घेता येत नाही. मी दोन्ही बाजूंचा वारस आहे, आईच्या बाजूने हरकत घेतो असे म्हटले. तेव्हा सदर इसम चोर नसल्याचे प्रमाणपत्र आणण्यास सांगण्यात आले. चोर नसल्याचे प्रमाणपत्र कोणते खाते देते हे कृपया कळवावे. ते माझ्याकडे नाही. आपल्याकडे आणि टेबलावरील बाईंकडेही नसावे, तरी आपण सर्व कामावर आहोत. पर्याय म्हणून, ज्या वृत्तपत्रात सूचना आली त्यातच खुलासा छापून आणावा असे सुचविण्यात आले. ते वृत्तपत्र कधीच बंद पडले असून त्याच्या जागेत आता गाद्या विकतात. मी तिथेही जाऊन आलो. गादीवाल्याने मला बसायला गादी दिली आणि शांतपणे ऐकून घेतले, जे आपल्या कार्यालयात झाले नाही.

आपण भेटीत मला म्हणालात, "दगड कोरून झालाय हो. आणि आता कुणाला काय फरक पडतो?"

कोणाला फरक पडतो ते सांगतो. पत्रिकेत छापल्याप्रमाणे, घरातील सर्वांत ज्येष्ठ म्हणून, पडद्याची दोरी माझी आई ओढणार आहे. तिच्या वडिलांना चोर म्हणणाऱ्या माणसाच्या नावावरचा पडदा, आणि त्याखाली 'ज्यांचे कुलूप कधी कोणास उघडता आले नाही' ही ओळ. तिला काही न सांगता हा कार्यक्रम उरकावा असे दादांचे मत होते. मी तसे केले असते तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक उरला नसता. म्हणून परवा दुपारी मी 'इतर' गठ्ठा घेऊन तिच्या खाटेशी बसलो आणि सगळ्या जाहिराती तारखेच्या क्रमाने मोठ्याने वाचल्या.

'काम पाहिजे' सुरू झाल्यावर तिने मला थांबविले आणि विचारले, "म्हणजे रोज सकाळी निघून जायचे, ते काम बघायला जायचे?" मी हो म्हटले. तिला आयुष्यभर सांगितलेले होते की बाप उनाडायला जात असे, आणि तिने ते मानले होते. त्यांच्याशी ती शेवटची काही वर्षे नीट बोललीही नव्हती. मुलीची जाहिरात तिने दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "मी कुठली शांत? घर डोक्यावर घ्यायची मी. त्यांनी खोटंच लिहिलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तरी कुणी ठेवून घेतलं नाही." आणि तोंड भिंतीकडे केले.

सायंकाळी तिने मला हाक मारून आपल्यासाठी निरोप दिला. मी नोकरीत पुष्कळ निरोप कागदावर उतरविले आहेत, त्यांत भर किंवा काटछाट करण्याची मला सवय नाही. ती म्हणाली:

"साहेबांना लिही, मी येणार. दोरी हातात घेणार. आणि माझा बाप चोर नव्हता, ते कुलूप त्यानंच उघडलं, असं कुणीतरी त्या माईकवर सांगेपर्यंत ओढणार नाही. दादाला सांगू दे, नाहीतर साहेबांना. मला घाई नाही."

मी तिला समजावून पाहिले. तिला ऊन सोसत नाही, उभे राहवत नाही. तिने खुर्ची मागितली आहे.

सबब विनंती अशी की, फलकावरील शेवटची ओळ काढून तिच्या जागी 'हे कुलूप दुकानातील कारागीर चारबोटे यांनी सर्वांसमक्ष उघडले' अशी ओळ घालावी. रविवारपूर्वी ते होणे नसल्यास, वरील दोन वाक्ये माईकवर कोण म्हणणार ते आजच ठरवावे. दोन्ही होणे नसल्यास कार्यक्रम वेळेवर सुरू करावा, मात्र तो केव्हा संपेल हे पत्रिकेत छापू नये, आणि निमंत्रितांसाठी सावलीची व पिण्याच्या पाण्याची पुरेशी सोय करावी. आईला मी ओळखतो.

पोहोचेची वाट पाहत आपल्याच बाकावर बसलेला,

(सही)
कुलूपवाल्यांचा आणि चारबोट्यांचा नातू

दिनांक: ९ एप्रिल

सोबत: जाहिरातींच्या छायाप्रती, दोन्ही गठ्ठे एकत्र करून.
प्रत: थोरले बंधू, यांना. माहितीसाठी नव्हे, ती त्यांना आहेच, रविवारच्या तयारीसाठी.